इतकं आलोच आहोत तर...

फ्रान्समध्ये मोटारीचे टायर बनवणारी मिशेलिन नावाची कंपनी आहे. लोकांनी मोटारी जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर जास्त झिजतील आणि आपल्याला चार पैसे मिळतील, या अत्यंत निर्मळ हेतूने तिने १९०० साली प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. पुढे तिच्यात खाणावळींना तारे द्यायची पद्धत सुरू झाली आणि १९३६ साली त्या ताऱ्यांचा अर्थही छापला गेला. एक तारा, म्हणजे जागा चांगली. दोन तारे, म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी. तीन तारे, म्हणजे केवळ तिच्यासाठी घरातून निघावं अशी.

समीक्षेच्या इतिहासात इतकी सरळ भाषा दुसऱ्या कोणी वापरली असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे नाटकाच्या परीक्षणात 'प्रयोग एकंदरीत बांधेसूद झाला' असं लिहितात. त्यावरून रिक्षा करून जावं, की बसने जावं, की जाऊच नये, हे कळत नाही. टायरवाल्याने नेमका तोच प्रश्न विचारला. जायचं का? आणि गेलं तर किती लांबून?

त्यातला मधला तारा मराठी माणसाला विशेष जवळचा. वाट वाकडी करण्याला आपल्याकडे मोठा मान आहे. 'ठाण्यापर्यंत आलात आणि आमच्याकडे वाट वाकडी केली नाहीत' हा टोमणा ज्याने ऐकला नाही, त्याला नातेवाईकच नाहीत असं समजावं. तेव्हा हीच फूटपट्टी घेऊन मी आज एका ठिकाणाचं परीक्षण करायला बसलो आहे. त्या ठिकाणासाठी दरवर्षी हजारो मराठी मोटारी वाट वाकडी करतात आणि तरी त्याच्यावर एका ओळीची समीक्षा मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. हे ठिकाण म्हणजे अमेरिकेतला आउटलेट मॉल.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम पत्रिकेत लिहिल्यासारखा ठरलेला असतो. पहिला आठवडा झोपेचा. दुसऱ्या आठवड्यात ब्रिजवॉटरचा बालाजी. मग स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, मग वॉशिंग्टन, मग नायगारा. आणि या प्रत्येक प्रवासात कुठे जाताना, कुठे येताना, एक आउटलेट. पंढरपूरला जाऊन आलेल्याला जसं 'चंद्रभागेत स्नान झालं ना?' विचारतात, तसं अमेरिकेहून आलेल्याला 'आउटलेटला गेला होतात ना?' असं विचारतात. नाही म्हटलं तर समोरचा माणूस तुमच्याकडे नाही, तुमच्या मुलाकडे दयेने बघतो.

आता हे आउटलेट म्हणजे मुळात काय, ते आधी बघू. मूळ कल्पना फार प्रामाणिक होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात रेडिंग नावाचं मोज्यांच्या आणि विणकामाच्या गिरण्यांचं गाव आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या एका प्रचंड मोठ्या जुन्या गिरणीत व्ही. एफ. या कापड कंपनीने आपल्या मालाचं दुकान उघडलं. एखादा टाका चुकलेला, एखादा रंग उतरलेला, एखाद्याची ऑर्डर रद्द झालेली, असा माल तिथे स्वस्तात मिळायचा. बघता बघता गावात अशी दुकानंच दुकानं झाली, लांबलांबून बस भरभरून माणसं यायला लागली आणि रेडिंगने स्वतःला 'जगाची आउटलेट राजधानी' म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांचीही दुकानं होती. तिथे कडेला डाग पडलेला तागा, विणीत एखादा धागा सुटलेली चादर, कटपीस, असं सगळं मिळायचं. दुकानदार स्वतः बोट ठेवून डाग दाखवायचा. 'हा बघा, इथे आहे. आत शिवून घ्या, दिसणार नाही.' दोष कुठे आहे हे विकणाराच सांगतो, अशी ती बहुधा जगातली शेवटची दुकानं. त्या कापडाचे एकाच रंगाचे सदरे घालून गल्लीतली भावंडं फिरायची, आणि बँडपथक चाललंय की काय असं लोकांना वाटायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, दुकानंही गेली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. डाग दाखवणारा माणूस तिथे नाही.

तर मूळचं आउटलेट हे असं होतं. गिरणी इथे, म्हणून दुकान इथे. त्या गावाला जाण्यात अर्थ होता, कारण ती वस्तू त्या गावची होती. येवल्याला पैठणीसाठी किंवा सोलापूरला चादरीसाठी आपण वाट वाकडी करतो ती याच न्यायाने. माग बघायला मिळतो, विणणारा बघायला मिळतो, 'यापेक्षा कमी नाही परवडत हो' हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

आजचं आउटलेट मात्र गिरणीजवळ नसतं. ते सगळ्यांपासून लांब असतं. यामागे व्यापाराचं साधं गणित आहे. शहरातल्या दुकानात जी पर्स तीनशे डॉलरला ठेवलीय, तीच किंवा तिच्यासारखी दिसणारी पर्स शेजारच्या गल्लीत दीडशेला ठेवली तर शहरातलं दुकानच बसेल. म्हणून ही स्वस्ताई तासाभराच्या अंतरावर, हमरस्त्याच्या फाट्यावर, माळरानात नेऊन ठेवायची. तिथे जमीनही स्वस्त. लास व्हेगास आणि लॉस एंजेलिसच्या मध्ये बार्स्टोच्या वाळवंटात आउटलेट आहे. टेक्ससमध्ये ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मध्ये सॅन मार्कोसला आहे. नुसता नकाशा बघितला तरी कळतं, की जिथे माणूस गाडीत बसून कंटाळतो आणि मुलं 'शू लागली' म्हणतात, तिथे आउटलेट उगवतं.

पण त्या लांबीचा आणखी एक उपयोग असतो आणि माझ्या मते तोच मुख्य. घराखालच्या दुकानात शिरून आपण रिकाम्या हाताने बाहेर येऊ शकतो. दुकानदार ओळखीचा असला तर चहा पिऊनसुद्धा रिकाम्या हाताने येऊ शकतो. पण सव्वा तास गाडी चालवून, टोल भरून, एका मैदानाएवढ्या पार्किंगमध्ये चौथ्या फेरीला जागा मिळवून मनुष्य जेव्हा त्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात एकच वाक्य उमटतं. 'इतकं आलोच आहोत तर...' या वाक्यातल्या तीन टिंबांवर तो सगळा धंदा उभा आहे. विकणाऱ्याला एक शब्द बोलावा लागत नाही. तुमचं पेट्रोलच त्याची वकिली करतं.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. परीक्षणासाठी मी वुडबरी कॉमन निवडलं. कारण ते या क्षेत्रातलं बालगंधर्व. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, सेंट्रल व्हॅली नावाच्या गावी, १९८५ साली ते सुरू झालं. दुकानं अडीचशेच्या आसपास. मॅनहटनच्या बस स्टेशनवरून तिकडे खास बस सुटतात. आम्ही न्यू जर्सीहून चिरंजीवांच्या गाडीतून गेलो. गाडीत चिरंजीव, सूनबाई, नातू, आमची ही आणि मी.

नेपथ्य उत्तम. बैठी, लाकडी धाटणीची घरं, मध्ये गल्ल्या, फुलझाडं, बाकं. लांबून एखादं टुमदार जुनं खेडं वाटावं. फरक इतकाच, की या खेड्यात कोणी राहत नाही, कोणी जन्मत नाही, कोणाचं लग्न होत नाही आणि प्रत्येक घरावर इटालियन नाव आहे. खेडं इतकं मोठं, की माणसं हरवू नयेत म्हणून त्याचे विभाग पाडलेले आहेत आणि त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या निसर्गरम्य प्रदेशांची नावं दिलेली आहेत. म्हणजे एक विभाग ॲडिरॉन्डॅक्स आणि एक चक्क नायगारा. तिथे उभ्या असलेल्या एका गुजराती आजोबांनी फोनवर कोणाला तरी 'हां हां, नायगारामाज छूं' असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं. पलीकडच्या माणसाला धबधब्याचा आवाज का येत नाही, हा प्रश्न पडलाच असेल.

पात्रयोजना भरघोस. जगातल्या सगळ्या भाषा तिथे ऐकू येतात आणि सगळ्या भाषांत एकच वाक्य चाललेलं असतं, हे चेहऱ्यांवरून कळतं. पर्यटकांची एक शिस्तबद्ध जात अशी, की ती आधी एक मोठी चाकांची बॅग विकत घेते आणि मग ती भरत हिंडते. बायका पुढे, बॅगा मधे, पुरुष मागे. अधूनमधून बाकांवर नवरे ठेवलेले. 'ठेवलेले' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. रेल्वे स्टेशनवर सामानाची खोली असते तशी ही सोय. शेजारच्या बाकावर एक पंजाबी, त्याच्यापुढे एक चिनी, मग मी. आम्हा तिघांत एकही सामाईक भाषा नव्हती. तरी दर वीस मिनिटांनी आम्ही एकमेकांकडे बघून जी मान हलवायचो, तिच्यात संयुक्त राष्ट्रसंघाला इतक्या वर्षांत न साधलेला सलोखा होता.

संहितेकडे, म्हणजे मालाकडे वळल्यावर मात्र टीकाकाराचा चष्मा नीट पुसून घ्यावा लागतो.

प्रत्येक वस्तूला दोन किमतींची चिठ्ठी असते. वरची किंमत खोडलेली, खालची तांबड्या शाईत. वर १८० डॉलर, खाली ७९. बघणाऱ्याचं काळीज १८० वरून ७९ वर उडी मारतं आणि त्या उडीत जो वारा लागतो त्यालाच बचत म्हणतात. पण ही वस्तू १८० डॉलरला कधी, कुठे, कोणाला विकली होती? बहुतेक वेळा उत्तर असं, की कुठेच नाही. कारण आज आउटलेटमधला बराचसा माल हा शहरातल्या दुकानातून उरलेला माल नसतोच. तो आउटलेटसाठीच वेगळा बनवतात. नाव तेच, रंग साधारण तोच. पण चामडं जरा पातळ, अस्तर जरा हलकं, धातूच्या चेनऐवजी प्लॅस्टिकची चेन, आतला खिसा गायब. काही कंपन्यांच्या कपड्यांच्या लेबलावर नावाखाली तीन बारीक ठिपके किंवा चौकोन असतात. ती आउटलेटच्या मालाची खूण. गिरणीच्या दुकानातला माणूस डागावर बोट ठेवायचा. इथे डागाचं बारीक नक्षीकाम करून तो लेबलावर छापतात आणि तुम्ही तो शोभेचा समजता.

हे माझं पदरचं नाही. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या तीन सिनेटरांनी, शेल्डन व्हाइटहाउस, रिचर्ड ब्लूमेन्थॉल आणि एडवर्ड मार्की यांनी, प्रतिनिधिगृहाच्या ॲना एशू यांच्याबरोबर सही करून तिथल्या व्यापार आयोगाला पत्र लिहिलं होतं. आउटलेटसाठी वेगळा माल बनवून, तो दुकानात कधीकाळी महाग विकला जात होता असा समज गिऱ्हाइकाचा करून देतात का, हे बघा, असा त्या पत्राचा मथितार्थ. जिथे सिनेटरांना पत्र लिहावं लागतं, तिथे आमच्या साडूंनी 'ओरिजिनल आहे का?' असं फोनवरून विचारलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? वस्तू ओरिजिनल असते. खोडलेली किंमत तेवढी काल्पनिक साहित्यात मोडते.

करही बघून घ्यावा. न्यूयॉर्क राज्यात ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यांना राज्याचा विक्रीकर माफ आहे. वरच्याला नाही. न्यू जर्सीत नेहमीच्या वापराच्या कपड्यांवर विक्रीकर नाहीच. म्हणजे न्यू जर्सीचा माणूस कपडे घ्यायला टोल भरून न्यूयॉर्क राज्यात जातो, तेव्हा कराच्या दृष्टीने तो उलट्या दिशेने चाललेला असतो. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ १९९५ साली सुरू झालेलं बायसेस्टर व्हिलेज आहे. त्याच्यासाठी थेट रेल्वे स्टेशन आहे आणि तिथे घोषणा इंग्रजीबरोबर चिनी आणि अरबी भाषेतही होतात. तिथे परदेशी पाहुण्यांना कर परत मिळण्याची जी सोय होती, ती १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनने बंद केली. स्टेशन राहिलं, घोषणा राहिल्या, सवलत गेली. गाडी मात्र भरूनच जाते.

आता हिशेब. मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, पावत्या बघितल्या की हात शिवशिवतात. संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्या पावत्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक पावतीच्या तळाशी 'तुम्ही इतके इतके डॉलर वाचवलेत' असं छापलेलं होतं. सगळं मिळून खर्च ४३८ डॉलर, आणि वाचवले ३१२.

"बघा बाबा," चिरंजीव म्हणाले, "तीनशे बारा वाचले!"

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"कोण?"

"तीनशे बारा."

यावर सूनबाई हसल्या आणि हिने माझ्याकडे जे बघितलं त्याचं वर्णन करण्याची गरज विवाहित वाचकांना नाही. माझ्या आजीच्या पद्धतीत पैसे वाचवले की ते मागे राहायचे. तांदळाच्या डब्यात हात घातला की लागायचे. या नव्या पद्धतीत माणूस जितका जास्त खर्च करतो तितके जास्त वाचवतो, आणि पुरेसे वाचवले की भिकेला लागतो.

मी पुढे मांडलं. घरून निघताना यादीत असलेल्या वस्तूंची किंमत भरली १६० डॉलर. उरलेले २७८ 'इतकं आलोच आहोत तर' या खात्यावर. यादीतल्याच वस्तू घराजवळच्या दुकानात सेल लागल्यावर घेतल्या असत्या तर फार तर चाळीस डॉलर जास्त पडले असते. म्हणजे खरी बचत ४०. पेट्रोल आणि टोल २५, पाच माणसांचं खाणं ७०, म्हणजे ९५. वजा जाता ५५ डॉलर तोटा. त्यात वेळ धरला नाही. पाच माणसं, प्रत्येकी साडेसात तास, म्हणजे साडेसदतीस तास. एवढ्या वेळात आमच्या कचेरीत एक फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली असती!

पण खरी गोष्ट डॉलरची नाहीच. ती शनिवारांची आहे.

आईवडील सहा महिन्यांसाठी जातात. सहा महिन्यांत सव्वीस शनिवार. ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यातले पहिले दोन झोपेत जातात. चार नातवाच्या मित्रांच्या वाढदिवसांना, चार पावसात, तीन घरामागचं गवत कापण्यात, तीन चिरंजीवांच्या कचेरीत 'अर्जंट' म्हणून, दोन आजारपणात. एक गाडीच्या दुरुस्तीत. बाकी राहिले सात. मुलगा मोकळा आहे, सून मोकळी आहे, नातू जवळ आहे आणि गुडघा साथ देतोय, असे सात शनिवार. पुढच्या खेपेला हे चारही योग एकत्र जुळतील याची हमी कोणी देत नाही. अमेरिकेत वॉरंटी सगळ्याला मिळते, याला मिळत नाही. म्हणून त्या सातातला एक कुठे घालवायचा, हा प्रश्न टायरवाल्याच्या ताऱ्यांपेक्षा पुष्कळ गंभीर आहे.

आणि वुडबरीच्या आसपास काय आहे, तेही पाहावं. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर स्टॉर्म किंग नावाचं शिल्पांचं उद्यान आहे. १९६० साली सुरू झालेलं, सुमारे ५०० एकरांचं. तिथल्या माळावर अलेक्झांडर काल्डरची, मार्क डी सुव्हेरोची घराएवढी लोखंडी शिल्पं उभी आहेत. तिथे अँडी गोल्ड्सवर्दी या कलावंताने नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेली एक लांबलचक भिंत आहे. ती भिंत सरळ जात नाही. वाटेत झाड आलं की त्याला वळसा घालते, पुढच्या झाडाला उलटा वळसा घालते, तळ्यात शिरते, पलीकडून बाहेर येते आणि टेकडी चढून थेट हमरस्त्यापर्यंत जाते. वाट वाकडी कशासाठी करावी हे दगडाला कळलं आहे. आणि ज्या हमरस्त्याला ती जाऊन भिडते, त्याच रस्त्याने गाड्या आउटलेटकडे धावत असतात.

आणखी थोडं पुढे गेलं की न्यूबर्ग. तिथे जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम असलेलं दगडी घर आहे. न्यूयॉर्क राज्याने ते १८५० सालीच जनतेच्या मालकीचं स्मारक करून जपून ठेवलं. पूर्वेला हडसन नदी, तिच्या काठावर १८०२ साली स्थापन झालेली वेस्ट पॉइंटची सैनिकी प्रबोधिनी. ऑक्टोबरात या डोंगरांवर झाडं अशी पेटतात, की पैठणीवाल्यांनी येऊन रंग टिपून न्यावेत. हे सगळं आउटलेटच्या पार्किंगमधूनही दिसतं, पण तिथे माणूस डोंगराकडे पाठ करून डिकीत पिशव्या बसवत असतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की खरेदीविरुद्ध कीर्तन चाललं आहे. तसं नाही. टीकाकाराने दुसरी बाजूही बघावी. आमच्या हिच्या पर्समध्ये वर्तमानपत्राच्या कागदावर काढलेले पायांचे सहा ठसे होते. भाचीचा, पुतण्याचा, साडूंचा आणि सगळ्यात छोटा, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीचा. तिला शाळेच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी बूट हवे होते. ही त्या अडीचशे दुकानांच्या गर्दीत एका बुटाच्या दुकानात जमिनीवर बसली आणि कागद बुटाच्या तळव्याला लावून लावून बघत होती. विक्रेती मुलगी आधी चक्रावली. मग तीही शेजारी बसली. अर्ध्या तासाने दोघींनी मिळून जोड शोधला, तो पस्तीस डॉलरचा, बोटभर वाढीला जागा ठेवून. मुलाच्या घरात सहा महिने पाहुणी म्हणून राहणाऱ्या आईला देण्यासारखं हातात काही नसतं. स्वैपाकघर सुनेचं, पैसा मुलाचा, रस्ते परके. यादी तेवढी तिची स्वतःची. त्या यादीतल्या प्रत्येक नावाशी तिचं घर बांधलेलं असतं. आउटलेटमध्ये सगळं एका जागी, परवडेल अशा भावात मिळतं आणि ते देणाऱ्याचा हात वर राहतो. ही त्या जागेची जमेची बाजू आणि ती लहान नाही.

बूट उलटा करून बघितला तर आत 'मेड इन इंडिया' लिहिलेलं होतं. म्हणजे तो जोड समुद्र ओलांडून आला आणि आता आमच्या तेवीस किलोच्या बॅगेतून परत जाणार. वाट वाकडी करण्याचा विक्रम खरं म्हणजे त्याचाच.

तेव्हा निकाल. माझ्या मते आउटलेटला दोन तारे देता येत नाहीत. त्याच्यासाठी वाट वाकडी करू नये. ते वाटेत असेल तर थांबावं. न्यू जर्सीहून नायगाऱ्याला जाताना पेनसिल्व्हेनियात टॅनर्सव्हिलला हमरस्त्याला लागूनच एक आहे. तसंही कुठेतरी उतरून पाय मोकळे करायचेच असतात, तर तिथे करावेत. यादी कागदावर असावी आणि पायांचे ठसे बरोबर असावेत. खोडलेली किंमत वाचू नये, कादंबरी समजून सोडून द्यावी. अस्तर उलटून बघावं, चेन ओढून बघावी, लेबलावरचे ठिपके मोजावेत. दीड तासाने, यादी संपो न संपो, गाडीत बसावं. पाऊस असेल तर दोन तास. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्या दिशेला तोंड करून झोपूसुद्धा नये.

आणि 'इतकं आलोच आहोत तर' हे वाक्य फुकट घालवू नये. ते फार मोलाचं वाक्य आहे. मुंबई ते न्यू जर्सी हे अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. इतकं आलोच आहोत, तर मुलाच्या शेजारी एखाद्या दगडी भिंतीवर तास-दोन तास नुसतं बसावं. तो बोलला तर ऐकावं, नाही बोलला तरी बसावं. साडूंची पर्स पुण्यात लक्ष्मी रोडवर मिळते. ओरिजिनल आहे का, हे तिथला दुकानदारही शपथेवर सांगतो.